पुढचा माणूस काय करणार, हे ड्रायव्हर नसलेल्या गाडीला कसं कळतं?

गोव्यात म्हापशाला शुक्रवारी बाजाराच्या बाजूने गाडी काढून बघा. एका हातात पिशवी आणि दुसरा हात गाड्यांना दाखवत एखादी बाई सरळ रस्त्यात उतरते, आपण ब्रेक मारतो, तेवढ्यात मागचा पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, आपल्या डाव्या बाजूने घुसून पुढे निघून जातो, समोरून येणारा मिनीबसवाला हेडलाइट मारतो (त्याचा अर्थ 'तू जा' असा नसून 'मी येतोय, तू थांब' असा असतो, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं तरी माहीत असतं) आणि हे सगळं तीन-चार सेकंदांत होऊन जातं. कोणी कोणाशी एक शब्द बोललेलं नसतं. आता ह्याच जागी ड्रायव्हर नसलेली गाडी आणा आणि विचार करा, ती नेमकं काय करेल?

ह्या विषयावरचे जे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात त्यात छतावरचा गरगर फिरणारा डबा दाखवतात, स्क्रीनवर माणसांभोवती रंगीत चौकोन दाखवतात आणि झालं. बघायचं काम सोपं आहे असं नाही, पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत ते बऱ्यापैकी हाताला लागलंय. डोकं खाणारं काम त्याच्या पुढचं आहे. रस्त्यात उतरलेली ती बाई आता थांबणार, मागे फिरणार की पळत सुटणार? गाडी जो काय निर्णय घेते तो शेवटी अशा अंदाजावर लावलेली पैज असते, आणि ती पैज ती सेकंदाला दहा-दहा वेळा मोडून परत नव्याने लावते. पैज चुकली तर सावरायला जागा किती ठेवली होती, चांगली गाडी आणि वाईट गाडी ह्यातला फरक तिथे कळतो.

बघायचं पटकन उरकतो. कॅमेऱ्याला रंग कळतात, सिग्नल कळतो, माणसाचं तोंड कुठे आहे ते कळतं, पण अंतराचा अंदाज कच्चा. लायडार लेझरचे बारीक ठोके सोडतं आणि ते वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतं, तीस मीटरवरच्या माणसाकडून प्रकाश जाऊन-येऊन 200 नॅनोसेकंद लागतात, एवढा बारीक वेळ मोजतात. रडार रेडिओ लहरींवर चालतं, पावसात-धुक्यातही चालतं, समोरची वस्तू किती स्पीडने येतेय ते थेट सांगतं, पण आकार त्याला धूसर दिसतो. तिन्ही मिळून एक चित्र तयार होतं. शिवाय बऱ्याच कंपन्या रस्त्याचा बारीक नकाशा आधीच करून गाडीत भरतात, म्हणजे झेब्रा कुठे, स्टॉप लाइन कुठे, फुटपाथ कुठे संपतो हे गाडीला पाठ असतं.

आता जुलैतला आपला पाऊस डोळ्यांसमोर आणा. कॅमेऱ्याच्या काचेवर पाणी, लायडारचे ठोके थेंबांवरूनच परत येतायत, रस्त्यावरचे पांढरे पट्टे पाण्याखाली (पट्टे होते का हा वेगळा प्रश्न). वेमोने (गूगलच्या ड्रायव्हरलेस गाडीचीच पुढे झालेली कंपनी) 2020 च्या ऑक्टोबरमध्ये ड्रायव्हरशिवायची टॅक्सी सगळ्या लोकांसाठी खुली केली ती ॲरिझोनात फिनिक्सच्या बाजूला, तिथे पाऊस कमी, रस्ते रुंद आणि सरळ, ऊन भरपूर. जागा उगाच नाही निवडली.

तर दिसलेल्या प्रत्येक वस्तूला गाडी एक नाव देते: माणूस, सायकल, कार, बस, ट्रक. हे नाव कशाला हवं? कारण पुढचा अंदाज त्या नावावर अवलंबून असतो. माणूस जागच्या जागी वळू शकतो, बस वळू शकत नाही. स्कूटर दोन गाड्यांच्या फटीतून येऊ शकते, ट्रक येऊ शकत नाही. नाव चुकलं की अंदाज चुकतो, आणि कधी कधी नाव सारखं बदलत राहिलं तर त्याहून वाईट होतं. हे समजायला 18 मार्च 2018 चा ॲरिझोनातल्या टेम्पीचा अपघात बघायला हवा, कारण त्याची चौकशी अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने अगदी सेकंदाच्या दशांशापर्यंत केलीय.

रात्रीची वेळ, उबरची टेस्टिंगची गाडी (मूळ व्होल्वोची), स्पीड ताशी 70 किलोमीटरच्या आसपास. एक बाई हातात सायकल धरून, ढकलत, रस्ता ओलांडत होती, झेब्रा नसलेल्या जागी. गाडीच्या सिस्टीमला ती धडकेच्या 5.6 सेकंद आधी दिसली होती. म्हणजे शंभर मीटरहून जास्त अंतर हातात होतं, एवढ्यात कोणीही आरामात थांबेल. पण सिस्टीमने आधी तिला वाहन म्हटलं, मग 'इतर काहीतरी', मग परत वाहन, मग सायकल. आणि गंमत म्हणवत नाही अशी गंमत म्हणजे, प्रत्येक वेळी नाव बदललं की ती आधी कुठून कुठे सरकलीय हा हिशोब सिस्टीम टाकून द्यायची, जणू काही नवीनच वस्तू आत्ता दिसलीय. त्यामुळे ही वस्तू डावीकडून सरळ आपल्या वाटेत येतेय हे तिला जुळवताच आलं नाही. वर, झेब्रा नसलेल्या ठिकाणी माणूस रस्ता ओलांडेल ही शक्यता त्या सॉफ्टवेअरमध्ये धरलेलीच नव्हती. 1.2 सेकंद उरले तेव्हा धडक होणार हे कळलं, पण उगाचच्या घाबरण्याने गाडी सारखी ब्रेक मारू नये म्हणून त्यांनी मुद्दाम एक सेकंद थांबायची सोय करून ठेवली होती. तो सेकंद गेला. व्होल्वोचा स्वतःचा आपोआप लागणारा ब्रेक ऑटोमॅटिक मोडमध्ये बंद ठेवलेला होता, आणि लक्ष ठेवायला बसवलेल्या ड्रायव्हरचं लक्ष मोबाइलवर होतं. त्या बाईचा जीव गेला.

मला ह्यात सगळ्यात जास्त खटकतं ते झेब्र्याचं. पर्वरीला हायवेवर झेब्रा सोडून लोक रस्ता ओलांडतात की नाही हे विचारायला लागत नाही, आणि सॉफ्टवेअर लिहिणारी माणसंसुद्धा स्वतः असाच रस्ता ओलांडत असणार ना. नियमात नाही म्हणून रस्त्यात नाही, असं धरून चालणं ही कागदी हुशारी झाली.

नावांचा दुसरा त्रास म्हणजे यादीत नसलेल्या वस्तू. व्होल्वोने 2017 मध्ये स्वतःच सांगितलं होतं की ऑस्ट्रेलियात त्यांची सिस्टीम कांगारूंमुळे गोंधळते, कारण अंतर मोजताना ती जमिनीचा आधार घेते आणि कांगारू उडी मारून हवेत गेला की तिला तो लांब गेल्यासारखा वाटतो, खाली आला की जवळ. युरोप-अमेरिकेतल्या रस्त्यांवर शिकलेल्या गाडीला आपल्याकडे काय काय कांगारू भेटतील विचार करा. स्कूटरवर तिघं आणि मध्ये गॅसचा सिलिंडर, टेंपोच्या मागे दहा फूट बाहेर आलेले बांबू, शिगम्यात अख्खा रस्ता अडवून चाललेला चित्ररथ. हे ओळखून हैदराबादच्या ट्रिपल-आयटीने इंटेलबरोबर भारतीय रस्त्यांचा एक डेटासेट केला, त्यात दहा हजार फोटो आहेत, प्रत्येक फोटोतली वस्तू न् वस्तू रंगवून नाव दिलेली, 34 प्रकार, त्यात ऑटोरिक्षाला वेगळं खातं आहे, जनावरांना आहे, आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे रस्त्याच्या कडेचा जो मातीचा पट्टा असतो, जो रस्ता नाही पण वेळ आली की गाडी घालता येते, त्यालाही आहे.

अनोळखी काही दिसलं तर काय करायचं ह्याचं उत्तर मात्र सोपं आहे. गूगलच्या गाडीला एकदा रस्त्यात इलेक्ट्रिक व्हीलचेअरवर बसलेली, हातात झाडू घेऊन एका पक्ष्याच्या मागे गोल गोल फिरणारी बाई भेटली होती, प्रोजेक्टचे प्रमुख क्रिस अर्मसन भाषणात हा किस्सा सांगायचे. असल्या प्रसंगाचा नियम कोण लिहून ठेवणार? गाडीने स्पीड कमी केला आणि वाट बघितली. काय आहे ते कळत नसलं तरी तिथे काहीतरी आहे आणि ते हलतंय एवढं कळलं तरी बहुतेक वेळा पुरतं.

आता अंदाजाचं, म्हणजे सगळ्यात रंगतदार. अरबी समुद्रात वादळ झालं की हवामान खात्याचा नकाशा येतो, त्यात वादळाच्या पुढच्या वाटेचा एक पट्टा असतो, आजच्या जागेला अरुंद आणि पुढे पुढे पसरत जाणारा. गाडी रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाचा, प्रत्येक स्कूटरचा, प्रत्येक बसचा असा पट्टा काढत असते. अर्ध्या सेकंदानंतर ही व्यक्ती कुठे असेल हे जवळजवळ नक्की, दोन सेकंदांनी थोडं धूसर, पाच सेकंदांनी फारच. आणि एकच पट्टा नाही, दोन-तीन फाटे काढून प्रत्येकाला टक्के देते. कडेला उभा माणूस उतरेल: 30 टक्के, उभाच राहील: 60, कडेकडेने चालू लागेल: 10 (हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत).

हे टक्के येतात कुठून? पूर्वी साधं होतं, आत्ता ज्या दिशेला ज्या स्पीडने चाललाय तसाच चालत राहील असं धरायचे. चालणाऱ्यांना ते लागू पडतं, पण रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्याचा स्पीड शून्य, म्हणजे तो कायम उभाच राहणार असा त्याचा अर्थ होतो, आणि खरा धोका तर त्याच्याकडूनच असतो. त्यामुळे आता गाड्या अनुभवातून शिकतात. त्याची युक्ती मला फार आवडते. फोटोतल्या वस्तूंना नावं द्यायला माणसं बसवावी लागतात, दिवसचे दिवस जातात, पण अंदाज शिकवायला कोणी लागत नाही, कारण रेकॉर्डिंग पाच सेकंद पुढे नेलं की उत्तर तिथेच असतं. त्या माणसाने त्या वेळी खरंच काय केलं ते दिसतं. लाखो किलोमीटरच्या रेकॉर्डिंगमध्ये असे लाखो प्रश्न उत्तरासकट मिळतात. त्यातून मशीनला कळत जातं की खांदे रस्त्याकडे वळलेत, वजन पुढच्या पायावर आलंय, मान डावी-उजवीकडे फिरतेय म्हणजे उतरणार, आणि मोबाइलमध्ये मान खाली घालून चालणारा न बघताही उतरू शकतो. समोर बस थांबली असेल तर पलीकडचा धावत येऊ शकतो हेही ते शिकतं.

पण ते शिकतं ते तिथल्या माणसांकडून. सकाळचा पोदेर घ्या. सायकलवर मागे पावांची टोपली, भोंगा वाजवत वाडीच्या रस्त्याने चाललाय. फिनिक्समध्ये शिकलेल्या गाडीला तो कडेने चाललेला एक सायकलवाला दिसेल, सरळ जाणारा. आपल्याला माहीत असतं की भोंगा वाजला म्हणजे तो पुढच्या गेटापाशी थांबणार, आणि त्या गेटातून कोणीतरी सुटे पैसे घेऊन बाहेर येणार, बहुतेक वेळा रस्त्याकडे न बघता. भोंग्याचा आवाज, सायकल आणि बंद गेट ह्या तिघांचा संबंध जोडता येण्यासाठी गाडीने तशा सकाळी बघितलेल्या असायला हव्यात. दुसऱ्या राज्यातून येऊन भाड्याची स्कूटर घेतलेल्या पर्यटकाचंही असंच, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं दिसली की आपण आपोआप दोन हात जास्त अंतर ठेवतो, हा मॅप बघत बघत मध्येच वळणार. गाडीला ती पाटी वाचता येते, पण त्या पाटीला घाबरायचं हे शिकवावं लागेल.

अंदाज झाला की बेत. इथे बरेच लोक समजतात की गाडीच्या आत कुठेतरी 'माणूस दिसला तर थांब' असं लिहिलेलं असतं. तसं असतं तर ती पणजी बस स्टँडच्या बाहेरच पडली नसती. होतं असं की गाडी पुढच्या पाच-आठ सेकंदांच्या शेकडो वाटा मनात काढून बघते: सरळ जा याच स्पीडने, सरळ जा पण थोडं हळू, थोडं उजवीकडे सरकून जा, पूर्ण थांब. प्रत्येक वाटेला ती दंड लावते. कोणाच्या पट्ट्याला छेद गेला तर मोठा दंड, स्पीड जास्त असेल तर अजून मोठा, लाइन ओलांडली तर थोडा, आतल्या माणसाला गचका बसला तर थोडा, आणि उगाच थांबून राहिली तरी थोडा, नाहीतर ती हलणारच नाही. सगळ्यात कमी दंडाची वाट घ्यायची, तिचा फक्त पहिला तुकडा, सेकंदाचा दहावा भाग, चालवायचा आणि परत पहिल्यापासून हिशोब करायचा.

ह्याचा फायदा असा की 'थांबू की जाऊ' हा प्रश्न शेवटच्या क्षणापर्यंत तसा विचारावाच लागत नाही. चाळीस मीटरवर माणूस कडेला उभा आहे, उतरेल न उतरेल. गाडी 50 वरून 35 वर येते. उतरला तर सहज थांबता येईल, नाही उतरला तर दोन सेकंद वाया गेले. 50 च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ 14 मीटर जाते. माणसाला दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर 21 मीटर तिथेच गेले, वर कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला साधारण 14 मीटर. 30 च्या स्पीडला हेच ब्रेकचं अंतर पाच मीटर होतं. स्पीड दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे शाळेतलं गणित आहे, आणि कॉम्प्युटर दीड सेकंदाच्या जागी अर्धा सेकंद घेत असला तरी ब्रेकचं अंतर त्याच्यासाठीही तेवढंच. ओल्या रस्त्यावर ते अजून वाढतं. म्हणून गाडीचे चांगले निर्णय बहुतेक वेळा आधीच स्पीड थोडा कमी करण्यातले असतात, स्टेअरिंग फिरवून केलेल्या करामतीतले नसतात.

जे दिसत नाही त्याचाही हिशोब करावा लागतो. मिनीबस थांबलीय, रस्त्याच्या मधोमध थांबलीय असंही धरूया, कारण ती कुठेही थांबते. बसच्या पुढून काय येतंय ते कुठल्याच सेन्सरला दिसत नाही. अशा वेळी गाडी तिथे एक काल्पनिक माणूस उभा करते, नेमका बसच्या नाकापाशी, आत्ता पाऊल टाकणारा, आणि तो खरा निघाला तरी थांबता येईल एवढाच स्पीड ठेवते. माणूस ड्रायव्हरसुद्धा असंच करतो, म्हणजे करायला पाहिजे. आता दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या भिंती आणि दर पन्नास मीटरवर आंधळं वळण असलेल्या आपल्या वाड्यांतल्या रस्त्यावर हा नियम प्रामाणिकपणे पाळला तर गाडी चालणाऱ्या माणसाच्या स्पीडने जाईल आणि मागे हॉर्नची रांग लागेल. हॉर्न वाजवणारेच चुकीचे असतील, पण रांग लागेल हे नक्की.

आणि मग सगळ्यात अवघड भाग, देवाणघेवाण. गूगलच्या गाडीची 2009 मध्ये एका चौकात फजिती झाली होती, जिथे चारी बाजूंनी थांबायचं आणि जो आधी आला त्याने आधी जायचं असा नियम असतो. गाडी नियमाप्रमाणे थांबली आणि बाकीचे पूर्ण थांबायची वाट बघत बसली. बाकीचे पूर्ण थांबतच नव्हते, माणसं थोडं थोडं पुढे सरकत राहतात ना, तसं. गाडी तिथेच अडकली. पुढच्या वर्षी ट्राउटमन आणि क्राउझ ह्या दोघा संशोधकांनी गर्दीत चालणाऱ्या रोबोंबद्दल हीच गोष्ट गणितात मांडली: प्रत्येक माणसाचा पट्टा वेगवेगळा काढला आणि प्रत्येक पट्टा पुढे पसरत गेला, तर गर्दीत कुठलीच वाट मोकळी उरत नाही आणि रोबो गोठून उभा राहतो. म्हापशाच्या बाजारात आपण तसे गोठत नाही, कारण आपण थोडं पुढे झालो की समोरचा थोडा बाजूला होईल हे आपण धरूनच चालतो. तेव्हा गाडीलाही दुसऱ्याचा अंदाज काढताना स्वतःला त्यात धरावं लागतं: मी इंचभर पुढे गेले तर तो काय करेल? मी थांबले तर तो काय समजेल?

हे धरणं अंगाशीही येतं. 14 फेब्रुवारी 2016 ला कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला गूगलची गाडी उजवीकडे वळायला रस्त्याच्या कडेला गेली, तिथे गटाराच्या तोंडाशी वाळूच्या पिशव्या ठेवलेल्या, म्हणून ती परत थोडी मध्ये यायला बघत होती. मागून बस येत होती. गाडीने अंदाज केला की बस स्पीड कमी करून जागा देईल. बसने दिली नाही. गाडी हळूच बसच्या अंगावर घासली, कोणाला लागलं नाही, पण गूगलने नंतर थोडी जबाबदारी आपली म्हणून मान्य केली आणि सॉफ्टवेअरला शिकवलं की बस आणि मोठ्या गाड्या बाकीच्यांच्या मानाने कमी वेळा वाट देतात. आमच्या डिचोलीत हे ज्ञान पोराला सायकल शिकताना मिळतं, तिथे त्यासाठी बातम्या झाल्या.

पायी चालणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर अजून एक गोष्ट आहे. ड्रायव्हर हात दाखवून 'वच, वच' (जा, जा) म्हणतो आणि आपण रस्ता ओलांडतो. रिकाम्या सीटकडे बघून काय करायचं? काही कंपन्यांनी गाडीवर दिवे लावून, स्क्रीनवर अक्षरं दाखवून बघितलं. पण रस्त्यावरच्या माणसांचा अभ्यास केलेल्यांना असं दिसलं की लोक ड्रायव्हरच्या डोळ्यांपेक्षा गाडीच्या चालीकडेच जास्त बघतात, ती हळू होतेय की नाही, नाक खाली दबतंय की नाही. त्यामुळे गाडी गरजेपेक्षा थोडी आधीपासून, ठसठशीतपणे हळू होते, समोरच्याला कळावं म्हणून. उलट्या बाजूने, ही गाडी कायम थांबतेच हे लोकांना एकदा कळलं की लोक बिनधास्त पुढ्यात उतरायला लागतील, आणि आपल्याकडे तर दुसऱ्या दिवसापासून. ह्यावर सॉफ्टवेअरमध्ये उपाय नाही, थांबण्याशिवाय गाडी करणार काय?

इथे नेहमी कोणीतरी तो प्रश्न काढतं: एका बाजूला म्हातारी, एका बाजूला मूल, गाडी कोणाला वाचवणार? अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने त्यावर ऑनलाइन प्रयोग केला होता, 233 देश-प्रदेशांतून सुमारे चार कोटी उत्तरं आली, 2018 मध्ये नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. चर्चेला छान आहे. पण गाडीच्या आत असली निवड करणारा कप्पा नसतो. तिला माणसाचं वय-बिय नक्की कळतही नाही आणि तसा प्रसंग यायच्या आधी तीन सेकंद ब्रेक लावणं हेच तिचं काम असतं. त्यापेक्षा कामाचा विचार मोबिलआय ह्या गाड्यांच्या असल्या सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीने 2017 मध्ये मांडला, त्यात सुरक्षित चालवणं म्हणजे काय ते अंतर आणि स्पीडच्या सूत्रांत बसवलंय: पुढच्याला मागून ठोकू नका, कोणाच्या पुढ्यात कट मारू नका, दिसत नसेल तिथे सांभाळून जा, नवीन अपघात न करता समोरचा टाळता येत असेल तर टाळा. आणि एक वाक्य असं की वाट मिळण्याचा हक्क दुसऱ्याने द्यायचा असतो, आपण हिसकावून घ्यायचा नसतो. सिग्नल हिरवा आहे म्हणून समोर आलेल्या माणसावर गाडी घालता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे सगळं मी ओळखणं, अंदाज, बेत असं तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. अलीकडे काही जण तुकडे काढून टाकून एकच मोठं मशीन करतात, एका बाजूने कॅमेऱ्याचं चित्र आत, दुसऱ्या बाजूने स्टेअरिंग आणि ब्रेक बाहेर, मधलं सगळं ते माणसांचं ड्रायव्हिंग बघून शिकतं. नियमांत न बसणाऱ्या गर्दीत ते जास्त मोकळेपणाने चालतं. पण टेम्पीसारखी चौकशी करायची वेळ आली की 'इथे नाव बदललं, इथे एक सेकंद गेला' असं बोट दाखवता येत नाही. शिवाय ते ज्यांच्याकडून शिकतं त्यांच्यासारखं चालवतं, म्हणजे पणजीच्या गजबजलेल्या दिवजा सर्कलवर शिकवलेली गाडी कशी निघेल ह्याची कल्पना केलेली बरी.

एक प्रसंग मात्र असा आहे जो निर्णयांच्या चर्चेत कोणाच्या डोक्यात नव्हता. 2 ऑक्टोबर 2023, सॅन फ्रान्सिस्को. माणूस चालवत असलेल्या एका कारने एका बाईला उडवलं आणि ती शेजारून जाणाऱ्या, जनरल मोटर्सच्या क्रूझ कंपनीच्या ड्रायव्हरलेस गाडीच्या पुढ्यात पडली. गाडीने ब्रेक मारला तरी धडक बसलीच. इथपर्यंत माणसाचंही असंच झालं असतं. पण नंतर गाडीला वाटलं की बाजूने धक्का बसलाय, आणि अपघातानंतर रस्ता अडवू नये म्हणून कडेला जायचं ह्या नियमाने ती निघाली, बाई खाली अडकलेली असताना, सुमारे 20 फूट. कुठलाही माणूस आधी उतरून बघेल. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाने क्रूझचं ड्रायव्हरलेस परमिट थांबवलं आणि 2024 च्या डिसेंबरात जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीच्या धंद्यातून अंग काढून घेतलं.

आपल्याकडे हे कधी येणार म्हणाल तर गडकरी साहेबांनी एकाहून जास्त वेळा सांगितलंय की ड्रायव्हरलेस गाड्यांना भारतात परवानगी देणार नाही, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील. गोव्यात तर साध्या अ‍ॅप-टॅक्सीवरून एवढं रण माजतं, तेव्हा तो विषय नकोच. पण ह्यातला अर्धा-मुर्धा माल आपल्या रस्त्यांवर आलेलाच आहे. 2020-21 पासून एमजी, महिंद्रा आणि मग बाकीच्यांच्याही गाड्यांत ADAS नावाखाली जे येतं, म्हणजे पुढची गाडी बघून स्पीड सांभाळणं, लाइनमध्ये राहणं, वेळेला ब्रेक लागणं, ते ह्याच घराण्यातलं. गाडी स्वतः किती चालते त्याच्या लेव्हल ठरवलेल्या आहेत, त्यात ते दुसऱ्या लेव्हलचं, वेमो चौथ्या लेव्हलची. फरक असा की चौथीत त्या ठरावीक भागात गाडी स्वतः सगळं निभावते, दुसरीत सगळं चुकलं तरी ड्रायव्हर तुम्हीच.

आणि ह्या ADAS च्या मर्यादा आपल्या रस्त्यांवर बरोबर नको तिथे येतात. पावसाळ्यात रात्री गुरं कोरड्या डांबरावर येऊन बसतात हे सांगायला नको. रडारला रस्त्यावर स्थिर असलेली प्रत्येक गोष्ट दिसते, पाटी, पूल, रेलिंग, मॅनहोलचं झाकण, आणि त्या प्रत्येकासाठी ब्रेक लागू नये म्हणून बऱ्याच सिस्टीम स्थिर वस्तूंकडे काणाडोळा करतात. बसलेली म्हैस रडारच्या हिशोबाने स्थिर वस्तू. कॅमेरा बहुतेक गाड्या, माणसं, दुचाक्या ओळखायला शिकवलेला, त्यात काळोखात काळी म्हैस. गाडीबरोबर येणाऱ्या मॅन्युअलमध्ये जनावरांबद्दल काय लिहिलंय ते एकदा काढून वाचा, बऱ्याच ठिकाणी 'ओळखलं जाईलच असं नाही' असं साफ लिहिलेलं असतं. लाइनमध्ये ठेवणाऱ्या सिस्टीमची तर वेगळीच भानगड, खड्डा चुकवायला तुम्ही पट्टा ओलांडायला गेलात की ती स्टेअरिंग परत खड्ड्याकडे ओढते. इंडिकेटर दिला की गप्प बसते. आता खड्डा चुकवताना इंडिकेटर देणारा माणूस मी तरी अजून बघितलेला नाही, त्यामुळे लोक ती घेतल्या दिवशी बंद करून टाकतात.